दोर कुणाच्या हातात?

मंडळी, आज देवाच्या गोष्टीआधी माणसांची एक गोष्ट विचारते. पोरांनी गावचा रस्ता अडवला, तर गावानं काय करावं?

अं? मागून कोण म्हणालं, "ठोकावं"? ऐकलं बरं का! माझे दात पडलेत, कान शाबूत आहेत! ठोका की. पण आधी आख्यान ऐका, मग काठ्या शोधायला जा.

मोहरवाडी नावाचं गाव, माझं माहेर. वेशीवरून नवा रस्ता झाला — काळाभोर, रुंद, गुळगुळीत! म्हाताऱ्यांना वाटलं, आता एसटी वेळेवर येईल. हसू नका! एसटी नाही आली, पोरं आली. रविवारची संध्याकाळ झाली की वेशीच्या चौकात मोटारसायकलींचा थवा. दोन पोरं या तोंडाला गाड्या आडव्या लावायची, दोन त्या तोंडाला. झाला रस्ता बंद! मधे यांचं रिंगण. पुढचं चाक आभाळात, सायलेन्सरमधून फटाके, टायरचा धूर, आणि भोवती मोबाईल धरलेले हात! आपण टाळ धरायला बोलावतो तेव्हा हे हात कुठं असतात कोण जाणे.

म्होरक्या कोण? शिरपाअण्णा चौगुल्यांचा नातू, हर्षल. गॅरेजात कामाला. वाईट होता का? नव्हता हो! आईला न सांगता पाणी भरून ठेवणारा पोरगा. पण गाडीवर बसला की त्याला जग दिसायचं नाही.

अशाच एका रविवारी गिरणीवाल्या हौसाबाईला दमा उसळला. सून सुरेखा तिला रिक्षात घालून दवाखान्याला निघाली. चौकात रिक्षा अडली. सुरेखा खाली उतरून ओरडतेय — "अरे सोडा रे! सासूला धाप लागलीय माझ्या!" ऐकणार कोण? त्या आवाजात ढग गडगडला असता तरी कळला नसता! शेवटी रिक्षा शेतातून घातली. हौसाबाई वाचली. नाकाला नळी लागली, पण वाचली.

गाव पेटलं! देवळात बैठक बसली. सरपंच वैजयंताताई म्हणाल्या, "ठाण्यात रीतसर तक्रार देऊ." एकजण म्हणाला, "गाड्या जप्त होतील आणि बाप सोडवून आणतील!" दुसरा म्हणाला, "गतिरोधक घाला!" झालं! एकमत! शिरपाअण्णा उठले. "नातू माझा आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. पहिलं घमेलं माझं!"

मंडळी, गतिरोधक घालणं हे आपल्या लोकांचं आवडतं काम. परवानगी? कशाला! पांढरा पट्टा? उद्या मारू! पुढच्या रविवारी दुपारी दगड, मुरूम, माती टाकून असा उंचवटा केला की बोकड आडवा झोपल्यासारखा दिसावा. अण्णांनी पहिलं घमेलं टाकलं आणि मोपेड घेऊन वैरणीला शेतावर गेले. मागं लोकांना आणखी जोर चढला. "एकानं काय होतंय? पुढं दुसरा घाला!" घातला!

संध्याकाळी अण्णा वैरणीचा भारा घेऊन परत आले. ऊन डोळ्यांवर. पहिला उंचवटा ठाऊक होता — हळू घेतला, पार केला, आणि निवांतपणे वेग धरला...

कळलं ना?

भारा एकीकडे, मोपेड एकीकडे, अण्णा मातीत. मांडीचं हाड मोडलं. पोरं नुकतीच जमत होती. हर्षलनं गाडी तशीच टाकली आणि धावला. "आजोबा!" मग उठून ओरडला, "दोन्ही तोंडं बंद करा रे! रुग्णवाहिका येईतो एक चाक आत येता कामा नये!" बघता बघता रस्ता बंद. तीच पोरं, त्याच आडव्या गाड्या! रुग्णवाहिकेला हादरा बसू नये म्हणून बाकीच्यांनी खोरी आणून दोन्ही उंचवटे उकरले. खोरं नव्हतं त्यानं हातांनी उकरले.

अण्णांचं डोकं नातवाच्या मांडीवर. ते कण्हत म्हणाले, "हर्षा... हौसावहिनीला असाच रस्ता करून दिला असतास तर रे?"

पोरगा रडायला लागला. "आजोबा, ऐकूच आलं नाही हो!"

हाड जुळेपर्यंत अण्णा खाटेवर पडून नातवाचं ते एकच वाक्य घोळवत राहिले.

आता जरा माझं ऐका. मी परकर नेसायची तेव्हाची गोष्ट. बेंदराच्या दिवशी वेशीत कर बांधायचे. कर म्हणजे गवताचा वळलेला जाड दोर, त्याला पानं, नारळ. रस्त्यावर आडवा! आणि पोरं बैल पळवत येऊन तो तोडायची. काय ती धूळ, काय त्या आरोळ्या! रस्ता तेव्हाही पोरांनीच अडवलेला असायचा, बायांनो! मग फरक काय? दोराचं टोक गावातल्या एका जाणत्याच्या हातात असायचं. वाटेत लेकरू आलं, कुणी बाळंतीण निघाली, की तो दोर खाली टाकायचा. दोर पडला की शर्यत मोडली! तरणाबांड गडी कासरे खेचून जागच्या जागी उभा! आमच्या मोहरवाडीत शेवटी शेवटी ते टोक कुणाच्या हातात असायचं? याच शिरपाअण्णांच्या. पुढं बैल गेले, कर गेला, आणि अण्णा घरी बसले. सगळेच घरी बसले. पोरं मात्र रस्त्यावरच राहिली.

काठी टेकत अण्णा बैठकीत आले. म्हणाले, "बाजारतळ रविवारी दुपारनंतर मोकळा असतो. तो पोरांना द्या. लायसन असेल त्यालाच, हेल्मेट घालून. रस्त्यावर दिसला तर गाडी ठाण्यात, नातू असला तरी. आणि दोर मी धरतो."

वैजयंताताई म्हणाल्या, "अण्णा, दोर टाकला आणि पोरं नाही थांबली तर?"

"तर त्यांचंही संपलं, माझंही."

रविवार आला. त्याआधी हर्षल सगळ्या पोरांना घेऊन हौसाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला होता. तिनं दार उघडलं, बघितलं, आणि धाडकन लावून घेतलं. बरोबरच केलं! माफी काय दाराशी ठेवलेली असते?

बाजारतळावर दोन उंच खांब, सगळ्यांना दिसेल असा आडवा दोर, टोक अण्णांच्या हातात. सगळं गाव कडेला. गाड्या फिरायला लागल्या. धूर, धूळ, आवाज! पोरं रंगात आली. आणि तळाच्या त्या अंगानं, सुनेचा हात धरून, हौसाबाई आत आली. थेट मधे! कुणी ओरडलं, ऐकू कुणाला जातंय?

अण्णांनी दोर सोडला.

मंडळी, एक गाडी थांबली. हर्षलची. मग दुसरी. मग सगळ्या. इंजिनं बंद. अशी शांतता झाली की त्या भल्या मोठ्या तळावर एकच आवाज राहिला — हौसाबाईच्या छातीतली घरघर. पोरांनी ती पहिल्यांदा ऐकली. माना खाली गेल्या.

हौसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. हर्षलकडं बघितलं. म्हणाली, "ऐकू आलं नव्हं आता? बास तर." आणि सावकाश चालत जाऊन अण्णांच्या शेजारी बसली. खाली पडलेल्या दोराचं टोक उचललं. "घ्या वर, अण्णा. पोरं खोळंबलीत."

आता मघाशी मागून "ठोकावं" म्हणणारे दादा, उठून उभे राहा बघू! लाजू नका. तुमच्या गल्लीतली पोरं गाड्या पळवतात, खरं आहे. कायदा आपलं काम करेल, करायलाच हवं. पण शेवटचं त्यांच्याजवळ जाऊन तुम्ही कधी बसलात? त्यातल्या एकाचं तरी नाव ठाऊक आहे? नाही ना? मग गजर नंतर म्हणू. आधी घरी जाताना त्या कोपऱ्यावर थांबा, गाडीवर बसलेल्या पोराला नाव विचारा. दोराचं एक टोक तिथंच पडलंय — उचला!