बहात्तर सेंटीमीटर

[पूर्व फिनलंडमधलं एक गोठलेलं सरोवर. एप्रिलची अखेर, सकाळी नऊचा सुमार. बर्फात पाडलेल्या दोन भोकांशी दोघं आपापल्या पेटीवर बसली आहेत: सिल्वी, वय एकसष्ट, आणि तिचा धाकटा दीर ओस्मो.]

सिल्वी: ...म्हणून म्हणते, तो झारा घे आणि आधी भोक साफ कर. बर्फाचा नुसता रवा झालाय आत, आणि तू काठी धरून ध्यान लावून बसलायस. माशाला गळ दिसायला तरी हवा ना?

ओस्मो: करतो. वहिनी, किती वाजले?

सिल्वी: आत्ता पाच मिनिटांपूर्वी विचारलंस. नऊ. दहाला उठायचं ठरलंय, दहाला उठू.

ओस्मो: नाही म्हणजे, आता उठलं तरी चालेल. अकरा मासे झालेत. दोघांना पुष्कळ.

सिल्वी: नवरा माझा बुडाला आणि धसका तू घेतलास! एकतीस वर्षं बर्फावर पाऊल टाकलं नाहीस. गावातली पोरं हसतात तुला, माहितीय?

ओस्मो: आज आलो ना पण.

सिल्वी: आलास, कारण माझ्या जोडीला येणाऱ्या हेल्वीचं खुब्याचं हाड मोडलंय, आणि एकट्याने बर्फावर जायचं नाही हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. नाहीतर तुला कोण आणतंय. टोचे कुठायत तुझे?

ओस्मो: आहेत की. गळ्यात.

सिल्वी: जाकिटाच्या आत? पाण्यात पडल्यावर बटणं सोडत बसणार आहेस? बाहेर काढ. दोन हातांत दोन टोचे, बर्फात रोवायचे आणि मांजरासारखं वर यायचं. शाळेतल्या पोरांना कळतं हे.

ओस्मो: काढतो, काढतो. वहिनी... बेट कुठे गेलं?

सिल्वी: कुठलं बेट?

ओस्मो: समोरचं. आत्ता होतं.

सिल्वी: अरे देवा, धुकं. चल, गुंडाळ सगळं. काठ्या पेटीत टाक, मासे पिशवीत. उन्हापेक्षा धुकं वाईट, आतून खातं बर्फाला.

ओस्मो: तुम्ही सकाळी मोजलात तेव्हा बर्फ अडतीस सेंटीमीटर भरला होता ना?

सिल्वी: सकाळी. आता मी जाडी बघत नाही, पहार मारून बघते. सरक जरा. ...दोन फटक्यांत पाणी. सकाळी सात लागले होते.

ओस्मो: दोन?

सिल्वी: आकडा अडतीसच आहे अजून. पण आतून नुसती काड्यांची जुडी झालीय, उभ्या काड्यांची. जुडी सुटली की खेळ खलास. घाबरू नकोस, होकायंत्र आहे माझ्याकडे. अर्ध्या तासात किनाऱ्यावर.

ओस्मो: थांबा. ऐकू येतंय?

सिल्वी: काय?

ओस्मो: गिरमिट. कोणीतरी भोक पाडतंय. तिकडे, बेटाच्या अंगाला.

सिल्वी: हो की. कोण हा शहाणा? किनाऱ्यावर आपल्याशिवाय गाडी नव्हती कुणाची. थांब, विचारते. ओ पाव्हणं! किती?

धुक्यातला आवाज: बहात्तर!

सिल्वी: ऐकलंस? बहात्तर म्हणे! या हिवाळ्यात साऱ्या तळ्यावर चाळीसच्या वर कुठे भरला नाही.

ओस्मो: वहिनी, चला.

सिल्वी: अरे, पण हा फेकतोय का मोजायला चुकलाय? माशाची लांबी विचार, आपले लोक हातभर थापा मारतील. बर्फाची जाडी कोणी खोटी सांगत नाही. धुक्यात "किती" विचारलं की खरा आकडा द्यायचा, आणि ऐकणाऱ्याने पुन्हा विचारायचं नाही. माझ्या आजेसासऱ्यापासून चालत आलंय हे.

ओस्मो: तो... तो कालेर्वोचा आवाज आहे.

सिल्वी: काय बोलतोयस?

ओस्मो: दादाचा. मला कळत नाही का दादाचा आवाज? त्या साली बहात्तरच होता बर्फ. तो तिथे आहे वहिनी. मी जाऊन येतो.

सिल्वी: बस खाली. ओस्मो! एक पाऊल टाकलंस तर ही पहार तुझ्या पायावर घालीन.

ओस्मो: सोडा मला. तो सापडला नाही ना कधी? तळ्याने परत दिलाच नाही त्याला. आता बोलावतोय तर—

सिल्वी: गप्प. मी पुन्हा विचारते.

ओस्मो: पुन्हा विचारत नाहीत!

सिल्वी: मी विचारणार. ओ! नीट सांगा, किती?

धुक्यातला आवाज: बहात्तर म्हटलं ना! हाताने मोजलाय! या बिनधास्त, मासे नुसते उड्या मारतायत!

ओस्मो: ऐकलंत? दादाच.

सिल्वी: नाही. कालेर्वो नाही हा.

ओस्मो: मग कोण?

सिल्वी: आठ वर्षं दोघांना एका टेबलावर जेवायला वाढलंय मी. तो सावकाश बोलायचा, वाक्याच्या शेवटी खाली यायचा. शेवटाला असा उडी मारणारा आवाज घरात एकाचाच होता. सिगारेटींनी तुझा गळा फाटायच्या आधी. ओस्मो, हा तू आहेस.

ओस्मो: काहीतरीच काय.

सिल्वी: सव्वीस वर्षांचा तू. माझ्याकडे बघ. त्या दिवशी तू कुठे होतास?

ओस्मो: लाकडाच्या गिरणीत. पाळी होती माझी. सगळ्यांना माहीत आहे.

सिल्वी: सगळ्यांना तू सांगितलंस म्हणून माहीत आहे. मी विचारतेय, कुठे होतास?

ओस्मो: धुकं वाढतंय वहिनी, आपण—

सिल्वी: कुठे होतास?

ओस्मो: ...इथेच. बेटाजवळ. पाळी बदलून घेतली होती. असंच धुकं होतं. दादाने किनाऱ्याकडून हाक मारली, "ओस्मो, किती?" मी मोजलं. झाऱ्याच्या दांड्यावर खुणा होत्या, दोनदा मोजलं. बहात्तर होता वहिनी! खोटं नाही बोललो मी! बहात्तर सेंटीमीटरवरून ट्रक जातो!

सिल्वी: जानेवारीत जातो.

ओस्मो: आता कळतं. तेव्हा मला... गिरमिट लोण्यात शिरल्यासारखं शिरत होतं. आणि मला वाटलं, वा, किती सोपं चाललंय आज.

सिल्वी: आणि तो आला.

ओस्मो: त्याने किती ते विचारलं, मी सांगितलं. कसा आहे, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वीस पावलांवर होता. दिसला, हात केला त्याने, आणि मग नव्हता. आवाज पण नाही झाला फारसा. टोपी तेवढी राहिली वर. मी रांगत निघालो, दोरी होती माझ्याकडे, पण अंगाखालचा बर्फ हलायला लागला आणि मी... मी मागे फिरलो. उलट्या बाजूने किनारा गाठला.

सिल्वी: आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलास. माझ्याबरोबर वाट बघत. कॉफी प्यायलास माझ्या हातची. "येईल वहिनी, येईल" म्हणालास.

ओस्मो: हो.

सिल्वी: बर्फ वितळल्यावर सात दिवस माणसं चुकीच्या खाडीत शोधत होती. तू त्यांच्या नावेत बसला होतास!

ओस्मो: हो. वहिनी, मला मारा हवं तर.

सिल्वी: मारेन. किनाऱ्यावर. आता पालथा झोप.

ओस्मो: काय?

सिल्वी: झोप म्हणते ना! पायाखाली पाणी आलंय, दिसत नाही? पेटी सोड. मासे सोड. ही दोरी कमरेला बांध. मी पुढे पहार मारत सरकते, तू दहा हात मागे. पाय फाकवून, बेडकासारखा. माझ्या जवळ यायचं नाही, काही झालं तरी.

ओस्मो: त्याला सांगू या ना. तिकडच्याला.

सिल्वी: तिकडे कोणी नाही. चल.

ओस्मो: गिरमिट अजून फिरतंय.

सिल्वी: फिरू दे. सरक. कोपरावर जोर नको, सगळं अंग टेकव. माझ्याशी बोलत राहा, म्हणजे मागे आहेस ते कळेल.

ओस्मो: काय बोलू?

सिल्वी: काहीही. एकतीस वर्षं बोलला नाहीस, साठलं असेल की.

ओस्मो: मला रोज वाटायचं सांगावं. सणाला तुम्ही मला पहिली वाटी वाढायचात, तेव्हा जास्त. घास उतरायचा नाही.

सिल्वी: मला वाटायचं मीठ जास्त पडलं. पुढे?

ओस्मो: पुढे काही... वहिनी.

सिल्वी: काय?

ओस्मो: समोरून कोणीतरी येतंय.

सिल्वी: कोणी नाही, माझ्या पहारीचा आवाज आहे.

ओस्मो: तुमची पहार थांबलीय.

दुसरा आवाज: ओस्मो!

सिल्वी: हलू नकोस.

दुसरा आवाज: ओस्मो, तिकडे किती?

ओस्मो: वहिनी... हा...

सिल्वी: हा तो. हा कालेर्वो. असाच खाली यायचा शेवटाला.

ओस्मो: मी काय करू?

सिल्वी: थांब. बोलू नकोस. एकदा परत ऐकू दे मला.

दुसरा आवाज: ओस्मो, किती रे?

ओस्मो: जवळ आलाय. वहिनी, सांगा ना! तुम्ही म्हणाल ते बोलतो.

सिल्वी: मी म्हटलं ये, तर येईल तो. वीस पावलं फक्त. मला चेहरा दिसेल त्याचा.

ओस्मो: वहिनी, बर्फ वाजतोय माझ्याखाली.

सिल्वी: माहीत आहे! कळतं मला!

ओस्मो: मग?

सिल्वी: मला कोणी विचारलेलं नाही. त्याने तुला विचारलंय. दे उत्तर.

ओस्मो: दादा! दादा, आकडा विचारू नकोस! कुजलाय हा! जाड आहे पण कुजलाय, मी बघितलं नाही, माझी चूक झाली! मागे फिर! घरी जा, दादा!

सिल्वी: शू. ऐक.

ओस्मो: पावलं.

सिल्वी: लांब चाललीत. होकायंत्र बघते. हो, किनाऱ्याकडेच. आपल्या घराच्या अंगाला.

ओस्मो: गिरमिट पण थांबलं.

सिल्वी: रडू नकोस, श्वास पुरव. सरक. शंभरेक हात राहिले असतील. लव्हाळ्याचा वास येतोय मला.

ओस्मो: काठाला पाणी सुटलंय, वहिनी.

सिल्वी: गुडघाभर असेल, उतर. चाल. हात दे. हं. आलास.

ओस्मो: इथे... चिखलात त्याची पावलं उमटायला हवी होती ना?

सिल्वी: बघितलं मी. नाहीत.

ओस्मो: पोलिसांकडे जातो मी आज. सगळं सांगतो.

सिल्वी: जा. आधी कपडे बदल, काकडून मरशील. गाडी तू घेऊन जा, मी पायवाटेने जाते.

ओस्मो: मी येऊ का घरी? थोडा वेळ? एकट्याने बसवणार नाही आज मला.

सिल्वी: उद्या ये. उद्या मला तुझ्यावर खूप ओरडायचंय, नीट ओरडायचंय. आज नको, ओस्मो. आज मी कॉफीचे दोनच कप मांडणार आहे.