गोडं पाणी

(जयनगर. शनिवारची सकाळ. हॉलमध्ये काचेचा टँक, त्यातलं पाणी दुधासारखं पांढरं.)

तुंगाबाई: धुकं रे, वेणू. पहाटे कसलं दाट पडलं होतं! मी खिडकी उघडली, ते आत आलं आणि सरळ पेटीत शिरलं.

वेणुगोपाल: झाकण उचलून?

तुंगाबाई: मग काय, बेल वाजवून येणार होतं?

वेणुगोपाल: आई, काल बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून घरी पोचलो तेव्हा तुम्ही सगळ्या झोपला होतात. कपडेसुद्धा न बदलता आडवा झालो. उठतो तर हे. माझ्यात गोष्टी ऐकायची ताकद नाही आता.

तुंगाबाई: सरी, बरं, ऐकू नकोस. कॉफी पी.

वेणुगोपाल: मासे बघ. दोघंही वर येऊन तोंड उघडतायत. हवा पुरत नाहीये त्यांना.

तुंगाबाई: अगंबाई. मला वाटलं, भीमाचार्य स्तोत्र म्हणतोय.

वेणुगोपाल: त्या जाड्याला तू एक नाव काय ठेवलंस! महिनाभर नुसते दगड आणि पाणी बघत बसलो आपण. मीठ मोजा, पाणी तपासा, अजून मासे नकोत, अजून नकोत. आता कुठं हे समुद्रातले मासे आणले, तर...

तुंगाबाई: आठवतंय की. शेजारची पवित्रा रोज विचारायची, अक्का, मासे कुठायत? मी सांगायची, लाजतात गं.

वेणुगोपाल: कॉफीत साखर नाही.

तुंगाबाई: संपली.

वेणुगोपाल: परवा तर पिशवी भरून आणली.

तुंगाबाई: मुंग्या. अशा तशा नव्हेत हो! रांगेनं आल्या, पुढं एक म्होरकी. डबा उघडला, डोक्यावर एकेक दाणा घेतला आणि जाताना झाकण लावून गेल्या.

वेणुगोपाल: झाकण लावून.

तुंगाबाई: जयनगरच्या मुंग्या. वळण आहे त्यांना.

वेणुगोपाल: आई, पाणी असं पांढरं कशानं होतं, माहितीय? आत खायचं काही पडलं की जंतू माजतात, आणि पाण्यातली हवा तेच खाऊन टाकतात. साखर पडली तर एका रात्रीत. कुणी घातली?

तुंगाबाई: माझ्या गुंडूमामांच्या विहिरीत एक मासा होता, एकादशी धरायचा. पिठाची गोळी टाकली तरी तोंड फिरवून...

वेणुगोपाल: कुणी, आई?

तुंगाबाई: ते दार बंद दिसतंय ना? सकाळपासून आतच आहे. दूधही घेतलं नाही.

वेणुगोपाल: प्रणितानं? स्वतःच्या टँकमध्ये?

तुंगाबाई: तूच सांगितलंस तिला.

वेणुगोपाल: मी सांगितलं साखर घाल म्हणून?

तुंगाबाई: काल गाडीतून फोन केलास. काय म्हणालास, आठव.

वेणुगोपाल: म्हटलं, पाणी खुणेच्या खाली गेलं असेल. वाफ होते ती पाण्याची, मीठ आतच राहतं, तेव्हा वरून खारं घालू नकोस. गोडं पाणी घा... अरे देवा.

तुंगाबाई: गोडं. मी पोळ्या लाटत होते. आली धावत, आज्जी, गोड म्हणजे स्वीट ना? म्हटलं हो. किती घालू? मला वाटलं, पायसाचं विचारतेय. म्हटलं, हात आखडू नकोस.

वेणुगोपाल: एवढंही कळू नये तिला? गोडं पाणी म्हणजे साधं, पिण्याचं.

तुंगाबाई: कुठून कळणार? शाळेत इंग्लिश, खाली खेळताना कन्नड. मराठी काय ती आपल्या तिघांपुरती. त्यातली तिची आई, सुप्रीता, बिचारी शनिवारीसुद्धा हेब्बाळला, ऑफिसात. आणि घरात मराठीच बोलायचं, हा नियम कुणाचा?

वेणुगोपाल: जाऊ दे. मी दमलोय. दुकानदाराला मेसेज करतो, संध्याकाळी ये आणि टँक घेऊन जा. त्याच्याकडे जगतील तरी.

तुंगाबाई: आणि पोरगी?

वेणुगोपाल: तिचं काय?

तुंगाबाई: ही पेटी यायच्या आधी तू आणि ती काय बोलत होतात, सांग बघू. "जेवलीस?" "हो." झालं. पेटी आली आणि दोघं फरशीवर बसून मिठावरून भांडायला लागलात. पेटी गेली की ते दार आहेच.

वेणुगोपाल: ही तुझी थाप नाही ना?

तुंगाबाई: थाप असती तर आणखी रंगवली असती.

वेणुगोपाल: प्रणिता! बाहेर ये. ओरडत नाहीये मी.

प्रणिता: मेले?

वेणुगोपाल: नाही अजून.

प्रणिता: सॉरी, अप्पा. मला वाटलं, रोज सॉल्ट असतं ना त्यांना... म्हणून फ्रायडेला थोडं स्वीट.

तुंगाबाई: बघ, किती माया!

वेणुगोपाल: तो हवेचा दुसरा पंप लाव आधी. बाल्कनीतल्या पिंपात उद्यासाठी पाणी कालवून ठेवलंय, ते बादलीनं आण. जमेल तेवढं बदलू या.

प्रणिता: खारं?

वेणुगोपाल: हो, खारं.

प्रणिता: कामाला येतात त्या यल्लव्वाअक्का कन्नडमध्ये तिखटाला खारा म्हणतात.

तुंगाबाई: ऐक! म्हणजे कालचं साखरेवर निभावलं म्हणायचं. मिरचीपूड पडली असती तर मासे शिंकून शिंकून दारापर्यंत आले असते.

वेणुगोपाल: आई, स्वल्प थांब. हे बघ प्रणिता, शब्द अडला की मला विचारायचं. इंग्लिशमध्ये विचार, कन्नडमध्ये विचार.

प्रणिता: विचारणार होते. तुम्ही फोन ठेवून दिलात.

वेणुगोपाल: हो. ठेवला खरा.

प्रणिता: आणि टँक संध्याकाळी जाणार ना? दारातून सगळं ऐकू येतं.

वेणुगोपाल: हे एका दिवसात निवळणार नाही. उद्या पुन्हा बदलावं लागेल. परवा पुन्हा.

प्रणिता: परवा मंडे. तुम्ही ऑफिसात.

वेणुगोपाल: तू आहेस ना.

प्रणिता: एकटी?

वेणुगोपाल: फोन कर. मीटिंग असली तरी उचलेन.

तुंगाबाई: आणि तो दुकानदार?

वेणुगोपाल: मेसेज पाठवला कुठं अजून! बादली धर गं नीट, सांडतेय. मी इथं भिंतीला टेकून बसतो, तू ओत. हळू. काचेच्या कडेनं.

प्रणिता: अशी?

वेणुगोपाल: अशीच. अजून एक आण.

तुंगाबाई: अगं, भीमाचार्य बघ. गेला खाली. तोंड मिटलं शहाण्यानं.

प्रणिता: छोटा पण जाईल आता. आज्जी, हळू बोल. तो टँकवरचा दिवा बंद कर.

तुंगाबाई: का गं? झोप आली माशांना?

प्रणिता: अप्पांना.