मधमाश्यांची तक्रार

२००४ साली नाशिकच्या प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे मोहिनीबाई, इंदिरानगरच्या निवृत्त शिक्षिका. टेबलामागे सोनवणे नावाचे कारकून. बाईंनी टेबलावर काचेची बरणी ठेवली.

"हे काय?"

"मेलेल्या मधमाश्या. हवा बिघडल्याचा पुरावा. आम्ही बारा जणांनी गच्चीवर पेट्या ठेवल्यात. रोज किती मेल्या ते वहीत लिहितो. एरवी पंधरा-वीस मरतात. जवळच्या कारखान्याचा पिवळा धूर आला त्या दिवशी चारशे मेल्या."

"अर्जदार कोण, तुम्ही की माश्या?"

"मी."

"तुम्हाला काय झालंय?"

"अजून काही नाही."

"मग तक्रार कसली? बरं, माश्या राहायला इंदिरानगरातच?"

"हो. पण दोन-तीन किलोमीटर फिरतात."

"म्हणजे हद्द सोडतात. मेल्या कुठे?"

"पेटीच्या दाराशी."

"म्हणजे तुमच्याच घरी. मॅडम, आमच्या यंत्रानुसार हवा उत्तम आहे."

"कुठे आहे यंत्र?"

"वर गच्चीवर. मार्चपासून बंद आहे, पण शेवटचा आकडा चांगला होता."

बाईंनी बरणी पिशवीत टाकली.

"येते मी."

"बाई, थांबा जरा. एक विचारू का?" सोनवण्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी त्या कारखान्याच्या मागेच राहतो. बायकोचा खोकला वर्षभर थांबलेला नाही. एक पेटी आमच्या गच्चीवर ठेवाल?"

"ठेवीन की. पण मेलेल्या माश्या रोज मोजून लिहाव्या लागतील."

"लिहीन. फक्त वहीवर माझं नाव नको."