सगळीकडे वाजणारी आत्या

अॅक्युपंक्चरचं विचारताय, तर आधी आमच्या आत्याचं ऐका. ती मिरकरवाडा बंदरावर बांगडे खारवते. उजवा खांदा इतका धरला की वेणी घालता येईना, म्हणून मी तिला सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंकडे पेनासारखं यंत्र होतं. म्हणाल्या, "कातडीतून वीज जिथे सहज जाते, तिथे हे वाजतं. तिथेच सुई टोचायची."

पेन मनगटाला लावलं, वाजलं. कोपराला वाजलं. मानेलाही वाजलं. आत्या पांढरीफटक. "म्हणजे सगळंच गेलं काय गो माझं?"

बाईंनी पेन मला लावून बघितलं, तर गप्प.

"येण्याआधी काय करत होतात?" त्यांनी आत्याला विचारलं.

"बांगड्यांना मीठ लावत होते. पण चांगली आंघोळ करून आलेय गो."

"कुठे?"

"नळाला पाणी नव्हतं. समुद्रात मारली डुबकी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अंगभर मीठ आहे तुमच्या! वीज जाणारच."

आत्याने बेसिनपाशी साबणाने हात आणि मान धुतली, पुसली. आता मनगट गप्प, कोपर गप्प, मान गप्प. आत्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "सुटले गो बाय!"

मग पेन खांद्यामागे गेलं आणि जोरात वाजलं.

"सापडलं दुखणं!" म्हणत बाईंनी सुई उचलली.

"थांब गो," आत्या म्हणाली. "तिथवर माझा हात पोचत नाही, म्हणून तर आलेय. तेवढं धुवायचं राहिलंय."