वहिनींच्या संगणकाचा राखणदार

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, तुम्ही हात कशाला लावलात!" अहो, हात कुठे लावला? एक बोट लावलं! तेसुद्धा त्या यंत्रानं विचारलं म्हणून. आता कुणी आपल्याला काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही का? आपण काय तोंडात गुळणी धरून बसायचं? तुम्हाला सांगते, मी कुणाच्या घरात नाक खुपसत नाही. मी आपली नुसती विचारते! समोरच्या दाराशी कुणी उपरा माणूस उभा दिसला तर कोण, कुठला, कशाला आलात, पिशवीत काय आहे, एवढंच. एवढंही विचारायचं नाही, तर मग दोन दारं समोरासमोर बांधलीच कशाला?

तर समोरच्या वहिनी. शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापड कापायचं हे एवढं लांब टेबल, आणि कोपऱ्यात तो संगणक. एकच हो! सकाळी त्याच्यावर वहिनींचा धंदा, दुपारी पोरीचा अभ्यास, संध्याकाळी भाऊजी त्याच्याशी बुद्धिबळ खेळतात आणि हरले की "याच्यात व्हायरस आहे" म्हणून उठतात. एकाच ताटात तिघं जेवणार म्हटल्यावर खरकटं कुणाचं ते कसं कळायचं?

आणि यंदा वहिनींना काम केवढं मिळालं माहितेय? एका शाळेचे गणवेश. सहाशे बारा पोरं! तीन आठवडे ही बाई गळ्यात टेप अडकवून शाळेत जात होती. एक पोर पोट आत ओढतंय, एकाला गुदगुल्या होतायत, एक जण मुलींच्या रांगेत दोनदा उभा राहून आलाय... सहाशे बारा! ती सगळी मापं घातली त्या संगणकातल्या एका फायलीत. ती फाईल वहिनींच्या धाकट्या भावानं करून दिलेली. हुशार आहे पोरगा, बोटीवर असतो. तुम्ही नुसती मापं घालायची, की कुठल्या आकाराचे किती सदरे, कापड किती, बाह्या किती, सगळं आपोआप बाहेर! गुरुवारी सकाळी कटिंग मास्तर येणार, दोनच दिवसांसाठी, नंतर तो महिनाभर मिळत नाही. म्हणजे गुरुवारी मापं हातात नसली की काम गेलं, शाळा गेली, वर नाव गेलं ते वेगळंच.

हां, तर सोमवारी काय झालं, समोरून एकदम भोंगा वाजला. मी लाटणं टाकून धावले. बघते तर संगणकाचा पडदा लालभडक, आणि त्यावर लिहिलेलं, 'तुमच्या संगणकात दोनशे चौदा व्हायरस! ताबडतोब या नंबरवर फोन करा!' वहिनींचा चेहरा पांढराफटक, फोन हातात. मी म्हटलं, "थांबा! आपण याला बोलावलं होतं?" म्हणे नाही. "मग हा आत आला कधी, आणि दोनशे चौदा मोजले कधी? आपल्या घरातली झुरळं आपल्याला मोजता येत नाहीत, ह्याला रस्त्यावरून कशी दिसली?" भाऊजींनी सरळ बटण बंद करून वायरच उपटली. परत चालू केला तर पडदा स्वच्छ! फसवणूक होती हो सगळी. फोन केला असता की त्यानं गोडीगोडीनं आत शिरून घर धुऊन नेलं असतं. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही होतात म्हणून!" हे वाक्य लक्षात ठेवा हं. सोमवारचं आहे. मंगळवारी बदलणार आहे.

मग सगळे म्हणायला लागले, आता अँटीव्हायरस घ्याच. भाऊजी म्हणाले, "फुकट मिळतो की! माझ्या हपिसातले सगळे फुकटवाला वापरतात." मी म्हटलं, भाऊजी, फुकटचा राखणदार ठेवलात तर तो जेवतो कुणाकडे? मी आपली नुसती विचारते! मग आम्ही दुकानात गेलो. आम्ही म्हणजे वहिनी चालल्या होत्या, मी बरोबर गेले. दुकानदार गुळगुळीत माणूस. खोकं काढलं, त्यावर ढाल काय, कुलूप काय, नुसती भालदार-चोपदारांची मिरवणूक. म्हणतो, "ताई, डोळे मिटून घ्या. मराठीत बोलतो हा! आणि नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के पकडतो!"

"कोण म्हणतं?"

"कंपनीच म्हणते ना!"

घ्या! म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी करायला नवऱ्या मुलाकडेच जायचं! बरं, तो उरलेला पूर्णांक एक कुठे जातो? म्हणे, "तो... तसा काही नसतो." नसतो तर लिहिता कशाला? मग मी विचारलं, हा आत बसून करतो काय? म्हणे, सगळ्या फायली उघडून बघतो. म्हणजे बघा, चोर कपाट उघडेल म्हणून आपणच आधी कपाटाच्या किल्ल्या याच्या हातात द्यायच्या! आणि मला सांगा, व्हायरस संपले तर यांची दुकानं चालतील का? मग हे व्हायरस करतं कोण? कुलूपवाला आणि चोर रात्री एकाच पंगतीला बसत नसतील कशावरून? दुकानदार वहिनींकडे बघून म्हणाला, "या तुमच्या कोण?" वहिनी म्हणाल्या, "शेजारी." तो म्हणाला, "अच्छा." त्या 'अच्छा'मध्ये काय काय होतं म्हणून सांगू...

घेतलं शेवटी. गुरुवार जवळ येत होता, वहिनी तरी काय करणार!

मंगळवारी दुपारी भाऊजींनी तो राखणदार आत बसवला आणि तपासणी लावून दिली. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकतेय... सरकतेय... गोगलगाय बरी. एवढ्यात खाली कापडाचा टेम्पो आला. भाऊजी धावले, मागोमाग वहिनी धावल्या, आणि जाता जाता काय म्हणाल्या? "ताई, जरा लक्ष ठेवा!" मला! लक्ष ठेवा! अहो, माशाला म्हणायचं, जरा पोहून दाखव!

बसले खुर्चीत. पाचेक मिनिटं झाली आणि टिंग! चौकट आली. शुद्ध मराठीत हं. 'एक संशयास्पद फाईल सापडली. तिच्या आत स्वतःहून चालणारा भाग आहे. काय करू?' माझ्या तर अंगावर काटा! आत काहीतरी स्वतःहून चालतंय! नाव बघावं तर इंग्रजी अक्षरं, मध्येच आकडे, चोराचंच नाव वाटावं असं. खाली तीन बटणं. 'राहू दे', 'कोठडीत टाक', 'काढून टाक'. आता तुम्ही सांगा. संशयित हाती लागलाय, राखणदार हात जोडून विचारतोय, घरात कर्तं माणूस मीच. राहू दे म्हणू? कोठडीत ठेवून त्याला दोन वेळचं जेवायला घालू? मी म्हटलं, ब्यादच नको! दाबलं 'काढून टाक'. हिरवी खूण आली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू, स्वतःच्या हातानं विंचू ठेचल्यासारखं!

वहिनी वर आल्या. मी म्हटलं, "काळजी करू नका, एक सापडला होता, घालवला मी त्याला." वहिनी हसल्या. बसल्या. फाईल उघडायला गेल्या...

फाईल नाही.

ते जे स्वतःहून चालत होतं ना, ते भावानं घातलेलं गणित होतं. सदरे मोजणारं. नाव त्यानंच ठेवलं होतं, बोटीवरच्या माणसाची नावं ती तसलीच. सहाशे बारा पोरं मी एका बोटानं शाळेबाहेर काढली होती!

तुम्हाला सांगते, त्या ओरडल्या असत्या ना, तर बरं झालं असतं. मी पण ओरडले असते, फिटंफाट झाली असती. पण ती बाई उठली आणि नव्या कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. टेप गळ्यातच. त्याचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय... गुंडाळतेय, सोडतेय... तेवढं एकच म्हणाली, "ताई, तुम्ही हात कशाला लावलात?"

भाऊजींनी भावाला फोन लावला. समुद्र! लागतोय कुठला? मग म्हणाले, "मापांचे कागद असतील की!" वहिनी म्हणाल्या, "कागद ताईंना दिले." मला! दिले होते हो. फळीवर घालायला मीच मागितले होते, चांगले जाड होते म्हणून. धावत घरी आले, डबे उचलले. पहिलीचा वर्ग साखरेच्या डब्याखाली, मुंग्यांनी अर्धा खाल्लेला. तिसरीवर तेलाच्या बरणीचं गोल वर्तुळ, त्यात अकरा पोरं बुडालेली. चौथीनं मी परवाच खिडकीच्या काचा पुसल्या होत्या. कशीबशी एकशे चाळीस पोरं जमली. बाकीची चारशे बहात्तर गायब! मी म्हटलं, "वहिनी, उद्या मी येते शाळेत, दोघी मिळून परत मोजू." वहिनी म्हणाल्या, "शाळेला कालपासून सुट्टी लागलीय."

मग आमचे हे, जे वर्षातून दोनदा बोलतात, ते दारातून म्हणाले, "त्या संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलवा." आणि परत पेपरात शिरले.

आल्या त्या बाई. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, तोंडावर हसू म्हणून नाही. मी दारातच अडवलं. कोण, कुठल्या, कुणी शिकवलं, आणि तुम्ही संगणकात शिरल्यावर तुम्हाला कोण तपासणार? मी आपली नुसती विचारते! बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे, मावशी. माझ्या शेजारी बसा आणि काय करते ते बघत राहा." मावशी! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल... पण बसा म्हणाली, म्हणून सोडून दिलं.

बसल्या बसल्या विचारतात, "फायलीची दुसरी प्रत?" भाऊजी छाती काढून म्हणाले, "आहे ना! याच संगणकात, शेजारच्या कप्प्यात!" तीही हुबेहूब तशीच, म्हणून राखणदारानं तिलाही उचललेलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच टांगून ठेवली होती." भाऊजींची छाती गेली आत.

मग विचारलं, "बटण कुठलं दाबलं?" सगळे माझ्याकडे. मी म्हटलं, "काढून टाक." बाईंनी दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, एक यादी उघडली, आणि त्या यादीत... ते चोराचं नाव! तिथेच! मी म्हटलं, "अहो, मी याला काढून टाक म्हटलं होतं!" बाई म्हणाल्या, "हो. पण याच्यातली सोय अशी आहे, की तुम्ही काढून टाक म्हटलं तरी तो तीस दिवस कोठडीतच ठेवतो. खुर्चीत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही ना!"

एक टिचकी, आणि सहाशे बारा पोरं परत! वहिनी पडद्यावर बोट ठेवून नावं वाचायला लागल्या, अर्ध्या यादीत पोचल्या आणि टेपनंच डोळे पुसले. मी पण पुसले. भाऊजी म्हणाले, "कापडाची धूळ उडतेय."

पण मी सोडते का? विचारलंच, "बाई, मग हा चांगला की वाईट? गरीब बिचाऱ्या फायलीला धरलं यानं!" तर म्हणाल्या, "मावशी, राखणदारानं किती चोर पकडले एवढंच विचारू नका, किती सभ्य माणसं धरली तेही विचारा. आणि ते कंपनीला विचारू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटीव्हायरस घेऊन, त्यांच्या अंगावर खरे व्हायरस सोडून बघणारी माणसं वेगळी असतात, त्यांचे निकाल बघा. दारात येऊन भोंगा वाजवतो त्याला आधी पकडा. आणि कुणावर कितीही विश्वास असला तरी एक प्रत घराबाहेर ठेवा." मनातलं बोलली हो! मी तेच म्हणत होते, फक्त मला टक्के येत नाहीत.

मग बाईंनी ती फाईल विश्वासातल्यांच्या यादीत घातली, एक प्रत काढून भाऊजींच्या हपिसात ठेवायला दिली, आणि संगणकाला पासवर्ड लावला. तो वहिनींच्या कानात सांगितला. भाऊजींच्या कानात सांगितला. पोरीच्यासुद्धा कानात सांगितला. मी कान पुढे केला तर बाई चष्मा पुसायला लागल्या. विचारते हो मी नुसती... जाऊ दे.

गुरुवारी मास्तर आला, कात्री चालली, सगळं सुरळीत. पण फाईल परत मिळाली त्या दिवशी, जाण्याआधी बाई म्हणाल्या, आता शेवटची एक पूर्ण तपासणी करू. परत ती हिरवी रेघ सरकतेय... आम्ही सगळे संगणकाभोवती उभे. वहिनी, भाऊजी, पोरगी, आणि संगणकाला अगदी चिकटून मी. रेघ संपली. टिंग! 'कोणताही धोका आढळला नाही.'

वहिनींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे, आणि बाईंना म्हणाल्या, "नक्की नीट बघितलं का हो यानं?"

सांगा आता! मी तिथे हाताच्या अंतरावर उभी, आणि ह्याला मी दिसले नाही! अशा राखणदारावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मी आपली नुसती विचारते...