साहेब कशानं उठायचा

— अहो, म्हणजे आजही सायकलच? गाडी दारात धूळ खातेय आणि बेकरीचे मालक हँडलला पिशव्या अडकवून निघालेत! निम्मे पाव चेपून पोचतात. काल तो हॉटेलवाला विचारत होता, मिस्टरांनी व्यायाम सुरू केला का — मी म्हटलं हो, पोट बघितलंत ना त्यांचं? — हसा की जरा. नाही? बरं.

साहेब गेला. आपला कुत्रा तुमच्याच गाडीखाली गेला, मी कुठे नाही म्हणतेय? पण मुद्दाम घातलीत का गाडी? रोजच्यासारखा दोनदा हॉर्न वाजवलात, थांबलात, मग मागे घेतलीत — आणखी काय करायचं माणसानं, पत्रिका पाठवायची? काय म्हणालात? तुमचं ऐकणंच सोडलं होतं त्यानं? हो, ते फार लागायचं तुम्हाला! हाका मारून घसा बसायचा तुमचा, साहेब ढिम्म — आणि मी मागे उभी राहून हळूच पाय आपटला की आलाच शेपूट हलवत माझ्याकडे. काय तोंड व्हायचं तुमचं! 'भरवतो मी आणि ऐकतो हिचं' — दिवसभर फुगून बसायचात. मला बाई हसू आवरायचं नाही. म्हटलं चालू दे गंमत, सांगू सावकाश —

काय सांगू? काही नाही. असंच. पाव गार होतायत, उचला.

अहो, असं रोखून नका ना बघू. म्हातारा झाला होता तो. ऐकूच येत नव्हतं त्याला. जमीन हादरली की कळायचं, म्हणून तर पाय आपटायचे मी. गाडीमागे झोपलेला असायचा, पण हॉर्ननं नाही उठायचा तो — शेवटचा ट्रे आत सरकवताना मी गाडीच्या पत्र्यावर थाप मारायचे, त्यानं उठायचा. तुम्हाला वाटायचं, हॉर्नला मान देतो. वाटू दे म्हटलं, तेवढाच तुमचा रुबाब. आणि त्या दिवशी भट्टीत पाव करपायला आले, मी आतच अडकले, ट्रे तुम्हीच ठेवलात — मला वाटलं, थांबतील हे माझ्यासाठी. पण तुम्ही का थांबाल? तुम्हाला कुठे माहीत होतं? मला माहीत होतं. मला एकटीलाच.

रोज ठरवते, आज सांगायचं. आणि तुम्ही सायकल काढलीत की तोंडातून टिंगलच निघते. तुम्ही आतल्या आत कुढताय आणि मी विनोद करतेय — लाज वाटते हो माझी मला. ओरडा की. निदान एकदा ओरडा तरी माझ्यावर. — हे काय, स्टूल कशाला सरकवताय? बसू? मी ओरडा म्हणतेय आणि तुम्ही — अहो, असं नका ना करू —

कोण आहे बाहेर? पाव नाहीत आज. दिसतायत तर दिसू देत, द्यायचे नाहीत. बेकरी बंद आहे म्हटलं ना, जा!