बटण चालूच राहील

हवानात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर रांग होती. माझ्यामागे एक मुलगी आणि नुकतेच आलेले एक काका बोलत होते.

"शेवटचं कोण?"

"मी. या काका, माझ्यामागे. मदरबोर्ड बदलायचाय."

"जळला?"

"वीज गेली तरी कॉम्प्युटरचं बटण चालूच ठेवलं होतं. आली ती दणक्यात."

"कशाला ठेवायचं? वीज आली की अख्खी गल्ली ओरडते."

"बाबांना ऐकू येत नाही. ते पडद्यासमोर बसतात. उजळला की पहिली आरोळी त्यांची."

"इतका जुना बोर्ड मिळायचा नाही, पोरी."

"तीन दुकानांत हेच ऐकलं. हे चौथं."

"मिळालाच, तर बटण बंद ठेवत जा."

"नाही ठेवणार. काल दुपारी वीज आली, गल्ली ओरडली. बाबा काळ्या पडद्याकडेच बघत होते."